चुकीचा निघालेला पेपर रुग्णांना का हवा होता?

२०१० च्या जूनमध्ये अमेरिकेत दोन शोधनिबंध तयार होऊन पडले होते. दोन्हींचा प्रश्न एकच होता: क्रॉनिक फटीग सिंड्रोमच्या रुग्णांच्या रक्तात एक्सएमआरव्ही नावाचा विषाणू सापडतो का? रोगांच्या साथींवर नजर ठेवणाऱ्या सीडीसी या संस्थेच्या प्रयोगशाळेचं उत्तर होतं, नाही, एकाही रुग्णात नाही. एनआयएच (वैद्यकीय संशोधन करणारी) आणि एफडीए (औषधांना मंजुरी देणारी) या संस्थांमधल्या शास्त्रज्ञांचं उत्तर होतं, त्याच कुळातले विषाणू सापडतात, आणि तेही बहुतेक रुग्णांत. तिन्ही संस्था सरकारी, तिन्ही एकाच आरोग्य खात्याखालच्या. दोन्ही निबंध जर्नलांनी स्वीकारलेले होते, आणि दोन्ही ऐन वेळी रोखून धरले गेले.

हे बाहेर आलं तेही आडवाटेने. झाग्रेबला रक्तसुरक्षेवर एक बैठक झाली होती. तिथे एनआयएचचे हार्वी आल्टर यांनी जे दाखवलं त्यावरून एका डच मासिकाने बातमी फोडली. मग ३० जूनला वॉल स्ट्रीट जर्नलने छापलं की दोन्ही निबंध अडकलेत. दुसऱ्याच दिवशी सीडीसीचा 'नाही' म्हणणारा निबंध प्रसिद्ध झाला. 'हो' म्हणणारा मात्र २३ ऑगस्टपर्यंत आला नाही. मधल्या साडेसात आठवड्यांत रुग्णांचं म्हणणं साधं होतं: जे तुम्हाला कळलंय ते आम्हालाही वाचू द्या.

गंमत अशी की रुग्ण ज्याची वाट बघत होते तोच निबंध पुढे चुकीचा ठरला आणि मागे घेतला गेला. मग या मागणीत काय अर्थ होता? माझ्या मते बराच होता. पण त्यासाठी आधी हा आजार काय आहे ते बघावं लागेल.

थकवा हे नावच घात करतं

थकवा कोणाला येत नाही? त्यामुळे नाव सांगितलं की समोरचा लगेच म्हणतो, 'अरे, मलाही हल्ली फार थकायला होतं.' संपलं संभाषण. हे नाव १९८८ मध्ये सीडीसीने बोलावलेल्या तज्ज्ञांनी दिलं. त्याआधी ब्रिटनमध्ये मायाल्जिक एन्सेफॅलोमायलायटिस, थोडक्यात एमई, असं नाव होतं. आता दोन्ही जोडून एमई/सीएफएस म्हणतात.

या आजाराची खूण थकवा ही नाही. खूण आहे श्रमानंतरची घसरण. साधी अंघोळ, अर्ध्या तासाच्या गप्पा, बँकेचा एक फॉर्म भरणं, एवढ्याने तब्येत कोसळते. आणि ती लगेच कोसळत नाही. बिल दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी येतं आणि फेडायला कधी आठवडा जातो, कधी महिने. विश्रांती घेतली, झोप काढली तरी ताजंतवानं वाटत नाही. उभं राहिलं की चक्कर येते, नाडी धावते. शब्द आठवत नाहीत, वाचलेलं वाक्य संपेपर्यंत त्याची सुरुवात विसरलेली असते. काही जण कसंबसं काम करतात, काही वर्षानुवर्षं अंधाऱ्या खोलीत अंथरुणाला खिळलेले असतात. रक्ताची अशी एकही तपासणी नाही की जिच्यावरून 'हाच आजार' म्हणून सांगता येईल. नेहमीच्या सगळ्या तपासण्या नॉर्मल येतात, आणि नॉर्मल रिपोर्टसारखा वैरी नाही.

अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने २०१५ मध्ये अंदाज दिला होता की त्या एका देशात ८ लाख ३६ हजार ते २५ लाख लोकांना हा आजार असावा आणि त्यातल्या बहुतेकांचं निदानच झालेलं नसावं.

आता अशा रुग्णाने करायचं काय? डॉक्टरांना या आजाराबद्दल फारसं शिकवलेलं नसतं. औषध नाही. मग तो स्वतः वाचू लागतो. माझ्या ओळखीतली एक रुग्ण मोबाइलवर अक्षरं मोठी करून एका वेळी चार-पाच ओळी वाचते, डोळे मिटून पडते, मग पुढच्या चार ओळी. एका निबंधाचा निष्कर्ष वाचायला तिला दोन दिवस लागले होते. अशा वाचकाला चार ओळींनंतर 'पुढचं वाचण्यासाठी ३५ डॉलर भरा' असं दिसतं, तेव्हा अडचण फक्त पैशांची नसते. तो निबंध तिच्या उपयोगाचा आहे की नाही हे कळायलाही आधी पैसे भरावे लागतात.

विषाणूवरच संशय का?

कारण सुरुवात. बहुतेक रुग्ण तारीख सांगू शकतात. 'अमुक महिन्यात फ्लू झाला आणि त्यातून मी उठलोच नाही,' हे वाक्य या आजारात इतक्यांच्या तोंडून येतं की त्याकडे दुर्लक्ष करणं अवघड आहे. शिवाय साथी आल्याच्या नोंदी आहेत. १९३४ मध्ये लॉस एंजेलिसच्या काउंटी हॉस्पिटलात कर्मचाऱ्यांत असा आजार पसरला. १९४८-४९ मध्ये आइसलंडच्या आकुरेरीत. १९५५ मध्ये लंडनच्या रॉयल फ्री हॉस्पिटलातले २९२ कर्मचारी आजारी पडले आणि हॉस्पिटल काही काळ बंद ठेवावं लागलं. १९८० च्या दशकाच्या मध्यावर नेवाडातल्या लेक टाहोजवळ अशीच लाट आली, आणि तिच्यामुळेच सीडीसीला या आजाराकडे बघावं लागलं.

रॉयल फ्रीच्या साथीचं पुढे काय झालं हे सांगायलाच हवं, कारण रुग्णांच्या अविश्वासाचं मूळ तिथे आहे. १९७० मध्ये दोन मानसोपचारतज्ज्ञांनी जुने कागद तपासून ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये लिहिलं की हा सामूहिक हिस्टेरिया असावा. त्यांच्या युक्तिवादातला एक मुद्दा होता की आजारी पडणाऱ्यांत बायका जास्त होत्या. रुग्ण मात्र त्यांनी तपासले नव्हते. तो शिक्का पुढे कित्येक दशकं पुसला गेला नाही.

विषाणूकडे परत येऊ. या प्रश्नावर मला सगळ्यात पटणारा अभ्यास ऑस्ट्रेलियातल्या डब्बो भागातला आहे, २००६ सालचा. संशोधकांनी २५३ जणांना आजारपणाच्या सुरुवातीपासून गाठलं. कोणाला एपस्टाइन-बार विषाणूने ग्रंथिज्वर झाला होता, कोणाला रॉस रिव्हर विषाणूची लागण होती, कोणाला क्यू फीवर, जो विषाणूमुळे नाही तर जिवाणूमुळे होतो. सहा महिन्यांनी बघितलं तर २८ जण, म्हणजे ११ टक्के, क्रॉनिक फटीग सिंड्रोमच्या निकषांत बसत होते. कोणता जंतू होता यावरून ते ठरलं नव्हतं. आधीच्या मानसिक त्रासावरूनही नाही. मूळ आजारपण किती जोरात होतं, यावरून ठरलं होतं.

तीन वेगळे जंतू आणि शेवट सारखा. याचा अर्थ असा निघू शकतो की एकच 'फटीग विषाणू' शोधत बसणं हाच चुकीचा रस्ता आहे. जंतू आग लावून निघून जातो आणि नंतर जे जळत राहतं तो आपल्याच शरीराचा प्रतिसाद असतो. किंवा जंतूचे अवशेष कुठेतरी ऊतींमध्ये दडून राहतात. कोव्हिडनंतर लाखो लोक तसेच पडून राहिले तेव्हा हे दोन्ही तर्क पुन्हा जोरात आले.

पण सिद्ध करणं महाकठीण. समजा, आजारी माणसाच्या रक्तात एपस्टाइन-बार सापडला. त्याने काय सिद्ध झालं? काही नाही. जगातल्या नव्वद टक्क्यांहून जास्त प्रौढांना तो कधी ना कधी झालेला असतो आणि एकदा आला की आयुष्यभर शरीरात राहतो. चोरी झाली त्या रात्री गल्लीत जे सगळे होते त्यातला एक चोर, पण कोण? मल्टिपल स्क्लेरोसिस या मज्जासंस्थेच्या आजाराच्या बाबतीत हे कोडं सोडवायला २०२२ पर्यंत थांबावं लागलं. अमेरिकी सैन्यातल्या १ कोटीहून जास्त लोकांचे वर्षानुवर्षं साठवलेले रक्ताचे नमुने हाताशी होते, म्हणून लागणीच्या आधीचं आणि नंतरचं रक्त तुलना करून बघता आलं. लागणीनंतर आजाराचा धोका ३२ पट वाढलेला दिसला. एमई/सीएफएसच्या संशोधकांना असा नमुन्यांचा साठा कधी मिळाला नाही.

उंदराचा विषाणू माणसात कसा 'सापडला'

२००९ च्या ऑक्टोबरमध्ये सायन्स या जर्नलमध्ये या सगळ्याची सुरुवात करणारा निबंध आला. नेवाडातल्या रिनो शहरातल्या व्हिटमोर पीटरसन इन्स्टिट्यूटच्या जूडी मिकोव्हिट्स आणि सहकाऱ्यांनी लिहिलं होतं की १०१ रुग्णांपैकी ६८ जणांत एक्सएमआरव्ही सापडला, आणि २१८ निरोगी लोकांत फक्त ८ जणांत. एक्सएमआरव्ही हा रेट्रोव्हायरस, म्हणजे एचआयव्ही ज्या कुळातला त्याच कुळातला. उंदरांना ल्युकेमिया करणाऱ्या विषाणूंचा भाऊबंद.

रुग्णांना काय वाटलं असेल? वर्षानुवर्षं 'तुम्हाला काही झालेलं नाही' ऐकलेल्या माणसाला जगातल्या सर्वांत मानाच्या जर्नलांपैकी एकाने सांगितलं की तुमच्या रक्तात काहीतरी आहे. आणि एचआयव्हीसाठीची औषधं तर बाजारात तयारच होती! काहींनी शेकडो डॉलर देऊन खासगी प्रयोगशाळेत तपासणी करून घेतली. काहींनी ती औषधंही सुरू केली. कॅनडा, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडने २०१० मध्ये या रुग्णांचं रक्तदान थांबवलं.

आता जरा प्रयोगशाळेच्या टेबलाजवळ जाऊ, कारण घोळ तिथे झाला.

विषाणू शोधायला पीसीआर वापरतात. कोव्हिडमुळे हे नाव घरोघरी पोहोचलंय. हे नमुन्यातल्या ठरावीक जनुकीय तुकड्याचं झेरॉक्स मशीन. प्रत्येक फेरीत तुकडे दुप्पट. एकाचे दोन, दोनाचे चार. ३० फेऱ्या झाल्या की एका तुकड्याच्या १०० कोटींहून जास्त प्रती. म्हणूनच अगदी नगण्य विषाणूही सापडतो. आणि म्हणूनच अगदी नगण्य भेसळही सापडते. उंदराच्या पेशीतला एखादा कण नळीत पडला तरी यंत्र त्याचे कोटी करून दाखवणार. यंत्राला काय माहीत तो रुग्णाच्या रक्तातून आला की टेबलावरून?

आणि प्रयोगशाळेत उंदीर कुठे नसतो? पीसीआरच्या काही तयार किटमध्ये उंदरापासून बनवलेल्या अँटिबॉडी असतात. त्यांच्यासोबत उंदराच्या डीएनएचे धागे येतात. म्हणजे भेसळ तपासणीच्या बाटलीतच. हे एका गटाने २०१० मध्ये दाखवून दिलं. दुसऱ्यांनी एक साधी युक्ती वापरली: नमुन्यात उंदराचा असा एक तुकडा शोधायचा, जो त्याच्या जनुकसंचात शेकडो ठिकाणी असतो. जिथे 'विषाणू' सापडतोय तिथे हा तुकडाही सापडला, तर विषाणू रुग्णाचा नाही, उंदराचा आहे.

मग २०११ च्या मेमध्ये मूळच हाती लागलं. १९९० च्या दशकात एका माणसाच्या प्रोस्टेटच्या गाठीचा तुकडा संशोधनासाठी उंदरांत वाढवला होता. एका उंदरातून दुसऱ्यात असं तो नेताना उंदरांच्या जनुकांत वंशपरंपरेने बसलेले दोन अर्धवट विषाणू एकत्र जुळले आणि एक नवा विषाणू जन्माला आला. त्या गाठीपासून तयार झालेल्या पेशी पुढे जगभरच्या प्रयोगशाळांत वापरात आल्या. एक्सएमआरव्ही हा निसर्गातला विषाणू नव्हताच. तो प्रयोगशाळेतच जन्मला आणि तिथूनच नळ्यांमधून फिरला.

त्याच वर्षीच्या सप्टेंबरमध्ये नऊ प्रयोगशाळांना सांकेतिक क्रमांक घातलेले नमुने दिले गेले. कोणता रुग्णाचा, कोणता निरोगी माणसाचा, हे कोणालाच माहीत नाही. फक्त दोन प्रयोगशाळांना विषाणू 'सापडला', आणि तो निरोगी लोकांतही तेवढाच सापडला. डिसेंबर २०११ मध्ये सायन्सने निबंध मागे घेतला. एनआयएच-एफडीएच्या गटानेही त्याच महिन्यात आपला मागे घेतला. आठवतंय ना, ३७ पैकी ३२ रुग्णांत विषाणू, असं सांगणारा, ज्याच्यासाठी रुग्ण साडेसात आठवडे ताटकळले होते, तोच. शेवटी कोलंबिया विद्यापीठाच्या इयन लिपकिन यांनी २०१२ मध्ये १४७ रुग्ण आणि १४६ निरोगी माणसं घेऊन अभ्यास केला. त्यात मूळ दावा करणाऱ्या दोन्ही गटांना सोबत घेतलं होतं. विषाणू शून्य. मिकोव्हिट्स यांनीही तो निकाल तेव्हा जाहीरपणे मान्य केला. (पुढे कोव्हिडच्या काळात त्या काय काय बोलू लागल्या हा वेगळाच विषय आहे आणि तो इथे नको.)

आता यात वाचायला काय मिळत होतं ते बघा. सायन्स वर्गणीचं जर्नल. आशा लावणारा निबंध तिथे आला. पण 'आम्हाला नाही सापडला' म्हणणारा पहिला निबंध, लंडनच्या इम्पीरियल कॉलेजचा, १८६ रुग्णांचा, जानेवारी २०१० मध्ये प्लॉस वन या जर्नलात आला. सीडीसीचा रेट्रोव्हायरॉलॉजीत. भेसळीचे पुरावे देणारे चार निबंध डिसेंबर २०१० मध्ये रेट्रोव्हायरॉलॉजीतच. लिपकिन यांचा एमबायोत. ही तिन्ही जर्नलं सगळ्यांसाठी खुली. म्हणजे खोडून काढणारे निबंध कोणीही फुकट वाचू शकत होतं. बातम्यांत मात्र मिकोव्हिट्स यांच्या निबंधाचा जेवढा गाजावाजा झाला तेवढा यातल्या एकाचाही झाला नाही.

म्हणून मला वाटतं, २०१० मध्ये रुग्ण हट्टाला पेटले ते बरोबरच होतं, निबंध चुकीचा निघाला तरी. आकडे पुन्हा तपासायला थोडा वेळ घेणं समजू शकतं. पण गुपचूप अडवलं की लपवलेली गोष्ट खरीच असणार असं माणसाला वाटतं, आणि या रुग्णांना तसं वाटायला सबळ कारणंही होती. १९९९ मध्येच सरकारी लेखापरीक्षणात उघड झालं होतं की सीडीसीने या आजारासाठी मिळालेल्या पैशांतले ८८ लाख डॉलर दुसऱ्याच कामांवर खर्च केले होते आणि आणखी ४१ लाखांचा नीट हिशेब लागत नव्हता.

निबंध हातात, आकडे कुलपात

इथे विषाणू थोडा बाजूला ठेवतो. कारण 'संशोधन वाचायला मिळणं' म्हणजे नेमकं काय, हे ज्या भांडणात सगळ्यात लख्ख दिसलं ते विषाणूवरचं नव्हतं.

ब्रिटनमध्ये सुमारे ५० लाख पौंड सरकारी पैसा घालून या आजारावरच्या उपचारांची पेस नावाची चाचणी झाली. ६४१ रुग्ण. निकाल २०११ मध्ये लॅन्सेटमध्ये आला: समुपदेशनाची एक पद्धत आणि हळूहळू वाढवत नेलेला व्यायाम यांनी रुग्णांत सुधारणा होते. २०१३ च्या दुसऱ्या निबंधात तर म्हटलं की या दोन्ही उपचारांनी २२ टक्के रुग्ण बरे झाले. लेख वाचता येत होते. रुग्णांनी ते ओळ न् ओळ वाचले, आणि त्यांना एक विचित्र गोष्ट दिसली. चाचणीत घ्यायला शारीरिक क्षमतेचे गुण १०० पैकी ६५ किंवा कमी हवे होते, म्हणजे 'पुरेसा आजारी'. आधी जाहीर केलेल्या आराखड्यात 'बरा' ठरायला ८५ गुण लागणार होते. पण नंतर ती रेषा ६० वर आणली होती. म्हणजे ६५ गुणांनी आत आलेला माणूस ६० वर घसरून बाहेर पडला, तरी या एका निकषावर तो 'बरा' मोजला जाऊ शकत होता!

मूळ आराखड्याप्रमाणे मोजलं तर काय येतं? ते काढायला प्रत्येक रुग्णाचे आकडे हवेत, नावं काढून टाकलेले. चाचणी करणारं लंडनचं विद्यापीठ, क्वीन मेरी, ते द्यायला तयार नव्हतं. ऑस्ट्रेलियातल्या एका रुग्णाने २०१४ मध्ये ब्रिटनच्या माहिती अधिकाराच्या कायद्याखाली अर्ज केला. अंथरुणातून. माहिती आयुक्तांनी २०१५ मध्ये आकडे द्या म्हणून सांगितलं. विद्यापीठ अपिलात गेलं. एकट्या त्या प्रकरणावर विद्यापीठाने सुमारे अडीच लाख पौंड खर्च केले. त्यांचं म्हणणं असं की आकड्यांवरून रुग्ण ओळखू येतील. ऑगस्ट २०१६ मध्ये न्यायाधिकरणाने ते फेटाळलं आणि सप्टेंबरमध्ये आकडे बाहेर आले.

मूळ आराखड्याप्रमाणे मोजल्यावर समुपदेशनाने बरे झालेले ७ टक्के निघाले, व्यायामाने ४ टक्के, आणि नुसत्या नेहमीच्या वैद्यकीय देखरेखीने ३ टक्के. फरक इतका थोडा की योगायोग म्हणून सोडून द्यावा. २०२१ च्या ऑक्टोबरमध्ये ब्रिटनच्या नाइस या संस्थेने नवी मार्गदर्शक तत्त्वं काढली. ठरावीक वेळापत्रकाने व्यायाम वाढवत नेणारा उपचार या रुग्णांना देऊ नये, असं त्यात म्हटलं. यामागे फक्त पेस नव्हती, बराच पुरावा तपासला गेला होता. पण तो अर्ज करणारा रुग्ण नसता तर पेसचे आकडे कोणी पुन्हा मोजले असते, असं मला वाटत नाही.

आज वाचायचं असेल तर

परिस्थिती २०१० पेक्षा खूप बरी आहे. पबमेड या वैद्यकीय निबंधांच्या ऑनलाइन सूचीत सारांश फुकट मिळतो, तो तर १९९७ पासून. एनआयएचच्या पैशातून झालेल्या संशोधनाचा निबंध वर्षभरात पबमेड सेंट्रलवर पूर्ण टाकायचा, असा त्या संस्थेचा नियम २००८ मध्ये आला. १ जुलै २०२५ पासून ते वर्षही गेलं, निबंध छापला की लगेच खुला करायचा. अनपेवॉल नावाचं एक फुकट साधन ब्राउझरला जोडलं की कुलूपबंद निबंधाची कायदेशीर खुली प्रत दुसरीकडे कुठे आहे का ते शोधून देतं. आणि सगळ्यात साधा, सगळ्यात कमी वापरला जाणारा मार्ग: निबंधावर ज्या लेखकाचा पत्ता दिलेला असतो त्याला दोन ओळींचा मेल. 'मी रुग्ण आहे, तुमचा निबंध वाचायचा आहे, प्रत पाठवाल का?' जर्नलला भरलेल्या पैशांतला एक छदामही लेखकाला मिळत नाही. बहुतेकांना कोणी वाचतंय याचाच आनंद असतो.

वाचताना मी स्वतः आधी निष्कर्ष वाचत नाही. रुग्ण किती ते बघतो. २०२४ मध्ये एनआयएचचा एक मोठा गाजलेला अभ्यास आला, अतिशय खोलात जाऊन केलेला, पण रुग्ण फक्त १७. एवढ्यांवरून दिशा कळते, उत्तर नाही. मग बघतो की नमुने तपासणाऱ्याला कोणता कोणाचा हे माहीत होतं का. एक्सएमआरव्हीचा फुगा शेवटी याच सुईने फुटला. आणि तिसरं, दुसऱ्या कोणाला तेच सापडलंय का. दुसऱ्या म्हणजे खरंच दुसऱ्या प्रयोगशाळेला, त्याच गटाला नव्याने नव्हे. विषाणूचा निबंध असेल तर एक जास्तीचा प्रश्न: विषाणू सापडला, की विषाणूविरुद्धच्या अँटिबॉडी सापडल्या? अँटिबॉडी म्हणजे पाहुणा येऊन गेल्याची खूण. तो अजून घरात आहे असं नाही.

प्रीप्रिंट असेल, म्हणजे समीक्षकांनी तपासण्याआधीच सगळ्यांसमोर ठेवलेला मसुदा, तर तो वाचायला हरकत नाही. फक्त त्याच्या जोरावर औषध सुरू करू नये. आणि विद्यापीठाच्या प्रसिद्धिपत्रकावर तर नाहीच.

ऑगस्ट २०२५ मध्ये असाच एक प्रीप्रिंट आला, डीकोडएमई नावाच्या ब्रिटिश प्रकल्पाचा. एडिनबरा विद्यापीठाच्या या प्रकल्पात प्रश्न ठरवण्यापासून लोकांना बोलावण्यापर्यंत रुग्ण भागीदार होते. लाळेचे नमुने रुग्णांनी घरूनच पाठवले, कारण खूप जणांना घराबाहेर पडता येत नाही. १५ हजारांहून जास्त रुग्णांच्या डीएनएची हा आजार नसलेल्या लोकांशी तुलना केल्यावर जनुकसंचातल्या आठ जागा वेगळ्या दिसल्या. काही जागांजवळ संसर्गाशी लढण्याच्या कामातली जनुकं आहेत, काहींजवळ मज्जासंस्थेशी संबंधित. एका विषाणूचं नाव त्यात नाही. त्या आठ जागांपैकी प्रत्येक ठिकाणी नेमक्या कोणत्या जनुकावर बोट ठेवायचं, हे शोधायचं काम आता सुरू आहे.